पपईशेजारचा सांगाडा

मागच्या वेळी पाठवलेल्या फोटोत पपईच्या झाडाशेजारी लोखंडी खुर्चीवर बसलेला तो काळा सांगाडा कोण, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत. त्याच्या बरगड्यांतून तोंडलीचा वेल गेला आहे आणि कवटीवर पक्षी बसतात, हेही तुमच्या नजरेतून सुटलं नाही. तुमचा बाबा नुसता हसला आणि "आजीला विचारा" म्हणाला. पण फोनवर सांगायची ती गोष्ट नाही. मधेच लाइन जाते, आणि मला क्रम चुकलेला खपत नाही. म्हणून लिहून काढते आहे.

नव्वदीची मधली वर्षं असतील. तुमचा बाबा इंजिनिअरिंगला होता, मी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा सरकारी नोकरीत होते. आम्ही नवनगरला हे घर बांधून राहायला आलो होतो. हुबळी एका बाजूला, धारवाड दुसऱ्या बाजूला, आणि मधे आमची कॉलनी. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे, झाडं अजून गुडघ्याएवढीच होती, आणि प्रत्येक घर वेगवेगळ्या गावाहून आलेलं होतं. कॉलनीला स्वतःचं म्हणावं असं अजून काहीच नव्हतं. देऊळही नव्हतं.

बाबाच्या तीन मित्रांनी बँड काढला होता. त्यांना आवडायचं ते परदेशी हेवी मेटल. बाबाच्या खोलीत टेप लागला आणि मी मिक्सरमध्ये खोबरं वाटायला घेतलं, की आजोबा विचारत, "यातलं गाणं कुठलं?" त्यांच्या लाडक्या परदेशी बँडच्या प्रत्येक कॅसेटवर एकाच प्राण्याचं चित्र असे. मेलेला, पण मेलेला राहायला तयार नसलेला. कातडी वाळून हाडांना चिकटलेली, केस पिंजारलेले, आणि दात असे की कायम हसतोय असं वाटावं. कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेली गाणी मी भिंग घेऊन वाचून काढली. मुलगा काय ऐकतो ते कळायला नको? सगळी स्मशानं आणि लढाया होत्या. पण व्याकरण निर्दोष होतं, त्यामुळे मला तक्रार करायला जागा राहिली नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या बाबाला वाजवता काहीच येत नव्हतं. गिटार शिकून पाहिली, ड्रम बडवून पाहिले, एकदा गायलाही. त्यावर मित्र काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच त्याला लागलं. तिघं तालमीला बसले की हा कोपऱ्यात वायरी गुंडाळत बसे. लहानपणापासूनचे मित्र. हातचे जातील की काय, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होती, आणि आईने त्यावर काही बोलायचं नसतं.

मग त्यानेच तोड काढली. त्या परदेशी बँडकडे आहे तसा राक्षस आपल्याकडेही हवा, आणि तो मी करतो. कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टेजच्या मधोमध सिंहासनावर बसलेला, गाणं रंगात आलं की हात वर करणारा आणि जबडा उघडणारा. एका मित्राच्या काकांचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. तिथे बाबाने सळया वाकवून, जुन्या लोखंडी खुर्चीला जोडून हा सांगाडा केला. कवटीसाठी माझी जुनी लोखंडी कढई नेली, विचारून नेली. हात आणि जबडा हलवायला सायकलच्या ब्रेकची तार बसवली. घरी आणल्यावर आत गवत भरलं, वर पोत्याचे तुकडे आणि खळीने कागद चिकटवून हिरवट कातडी केली, आणि सुतळी सोडवून केस लावले. खुर्चीमागे लपून तार ओढायचं काम अर्थातच बाबाचं. म्हणजे आता बँडमध्ये त्याला जागा होती. मित्रही म्हणाले, "याच्याशिवाय आपण स्टेजवर चढायचंच नाही."

आजोबा त्याला 'पाहुणा' म्हणायचे. "पाहुण्यांचं जेवण झालं का?" असं रोज विचारायचे.

रंग वाळावा म्हणून पाहुण्याला व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता. आणि ते दिवस होते होळीचे.

आमच्याकडची होळी तुम्ही पाहिलेली नाही. हुबळीत गल्लोगल्ली कामण्णा बसवतात. कामण्णा म्हणजे कामदेव, शेजारी त्याची रती. हलगी बडवत, "लबो लबो" अशी बोंब ठोकत पोरं हिंडतात, बायका पूजा करतात, नवस बोलतात, आणि रंगपंचमीला कामण्णाला अग्नी देतात. शंकराने तिसरा डोळा उघडून त्याला जाळला, त्याची ती आठवण. आमच्या शेजारी एक रिटायर झालेले हेडक्लार्क राहत. कॉलनी त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का. कॉलनीचा स्वतःचा कामण्णा हवा, असा अण्णांनी त्या वर्षी ध्यास घेतला होता.

त्या दिवशी मी शाळेतून परत आले तर फाटकात चपलांचा ढीग. व्हरांड्यात उदबत्तीचा धूर. पाहुण्याच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला हळदकुंकू, आणि कुणीतरी काजळाने काढलेल्या झुपकेदार मिशा. शेजारच्या स्टुलावर इरकली लुगडं नेसवलेला एक लोड. ती रती.

"बर्री टीचर, बर्री!" माझ्याच घरात अक्का माझं स्वागत करत होत्या. "कामण्णा आणलात आणि सांगितलंसुद्धा नाही? आम्ही गावात माणूस पाठवणार होतो आणायला."

"अक्का, अहो हा कामण्णा नाही..."

"हौदु, जरा वाळलाय खरा," त्या समजुतीने म्हणाल्या. "असू दे. तुम्हां मराठी लोकांचं सगळंच बेताचं. पण रतीशिवाय कसा बसवलात? म्हणून मीच आमचा लोड आणला."

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात मला त्याच्या मनगटाला बांधलेला कापडाचा छोटासा पाळणा दिसला. अक्कांची मुलगी जवळच रायापूरला दिलेली. तिला आठवा महिना लागला होता आणि पहिल्या खेपेला मूल हाती लागलं नव्हतं. अक्का माझ्याकडे पाहत नव्हत्या, पाळण्याची गाठ पुन्हा घट्ट करत होत्या. मी दप्तर खाली ठेवलं, पाय धुतले आणि प्रसादाचं ताट पुढे केलं.

संध्याकाळी बाबा आणि त्याचे मित्र आले. ड्रमवाला तर हसून हसून पायरीवरच बसला. "आंटी, मिशा! आमच्या मॅस्कॉटला मिशा! आणि लग्नही झालं?" बाबा हसला नाही. त्याने आधी हाताची तार ओढून पाहिली. हात वर गेला, आणि हार घेऊन आलेल्या दोन बायकांनी हात जोडले.

"आई, फेस्ट रंगपंचमीनंतर आहे," तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला. "हे लोक रंगपंचमीला जाळणार त्याला. तू सांग ना त्यांना."

"तूच जाऊन अण्णांशी बोल," मी म्हटलं.

तो गेला. मी कुंपणाशी कढीपत्ता तोडत उभी होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"अण्णा, मी तुम्हाला दुसरा करून देतो. गवताचा. चांगला जाडजूड."

"देशील रे तम्मा. हात आहे तुझ्यात." अण्णांचा आवाज अगदी मऊ होता. "पण पूजा याची झाली. नवस याच्या कानात बोलला. दुसऱ्याला काय ठाऊक? आणि पूजा झालेला कामण्णा तसाच ठेवला तर बरं नसतं. अग्नी द्यावाच लागतो."

"पण तो कामण्णा नाहीये!"

"कुंकू लागलं ना? मग झाला."

रात्री जेवताना आजोबा म्हणाले, "आपल्या घरात नोकरी नसताना लग्न झालेला पहिलाच पाहुणा." कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी ताक वाढून घेतलं.

मित्रांनी दुसऱ्या दिवशी मार्ग काढला. एकाच्या भावाकडे धुराचं मशीन होतं, राक्षसाऐवजी धूर सोडू. "आणि मी?" बाबाने विचारलं. "तू आहेसच की. वायरी सांभाळ," गिटारवाला म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बाबाने हातातला चहा तसाच ठेवला.

पाहुणा आमचा होता, व्हरांडा आमचा होता. पहाटे टेम्पो बोलावून वर्कशॉपला हलवला असता, तर कोण अडवणार होतं? बाबाचा बेत तोच ठरला होता, मला माहीत होतं. टेम्पो आलाही. पण अक्का आधीच फुलं घेऊन आल्या होत्या. बाबा दाराआड थांबला, मी त्याच्या मागे. अक्का त्या राक्षसाशी कानडीत बोलत होत्या, देवाशी बोलतात तसं नाही, घरच्या माणसाशी बोलावं तसं. लेकीच्या पायांना सूज आहे, डॉक्टर काळजीचं नाही म्हणतात पण तू लक्ष ठेव, तुझी रती काही बोलत नाही, जरा अबोलच दिसते. मग पदराने त्याच्या गुडघ्यावरची धूळ पुसून त्या गेल्या.

बाबाने टेम्पोवाल्याला परत पाठवलं. "जळू दे," एवढंच म्हणाला, आणि आंघोळीला गेला.

रंगपंचमीला दिवसभर रंग झाला. कॉलनीने दिवेलागणीची वेळ ठरवली. मैदानात लाकडं आणि गोवऱ्या रचून मधे पाहुण्याला खुर्चीसकट बसवला. रतीला अक्कांनी आधीच काढून घरी नेलं, रतीला जाळत नाहीत. हलगी कडाडत होती, पोरं बोंबा मारत होती. अण्णांनी अग्नी दिला. सुतळीचे केस एका क्षणात गेले. कागदाची कातडी फुगली, सुटली आणि उडाली, गवत भडकलं. बाबा हाताची घडी घालून पाहत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण धूरही पुष्कळ होता, म्हणून मी त्यावर काही म्हणत नाही.

कामण्णा कोसळला की सगळ्यांनी एकदम बोंब ठोकायची असते. सगळे वाट पाहत होते. ज्वाळा खाली बसल्या, लाकडं निखारा झाली. आणि निखाऱ्यांच्या मधोमध पाहुणा आपल्या खुर्चीवर ताठ बसलेला. काळाकुळकुळीत, कातडीचं ओझं उतरलेला, कढईच्या डोळ्यांतून लाल उजेड येतोय आणि दात पहिल्यापेक्षा जास्त हसताहेत. हलगी थांबली.

"इंव सायवल्ल!" अण्णा ओरडले. हा मरायलाच तयार नाही!

आणि मग जी बोंब उठली, ती शेजारच्या अमरगोळच्या बाजारापर्यंत ऐकू गेली असेल. ड्रमवाला बाबाच्या पाठीवर थापा मारत होता. "अरे, आता हा खरा मेलेला दिसतो! आधी बाहुला वाटत होता!" गिटारवाला निखाऱ्यांभोवती फिरून सगळ्या बाजूंनी पाहून आला आणि बाबाकडे बोट दाखवून म्हणाला, "धुराचं मशीन राहू दे. हा माणूस तार ओढणार."

बाबा मात्र अण्णांकडे वळला. "अण्णा, हे आता कुणाचं?"

अण्णांनी विचार केला. गोष्ट धर्माची होती, घाईने बोलण्यासारखी नव्हती. "कामण्णा तर गेला. शंकराने जाळला तरी तो आहेच, फक्त त्याला अंग नाही. ते अंग नसलेलं जे काय, ते आमचं. उरलं ते लोखंड." त्यांनी हात झटकले. "लोखंड तुझं."

निखारे थोडे घरी नेऊन मी चुलीला लावले, इथली पद्धत आहे म्हणून. सांगाडा निवायला सकाळ झाली. ब्रेकची तार आगीत तुटून गेली होती. आजोबांनी स्कूटरच्या डिकीतून जादाची क्लच वायर काढून बाबापुढे ठेवली आणि पेपर वाचायला बसले.

फेस्टला आम्ही सगळे गेलो. अण्णा आणि अक्काही आले, कारण कामण्णा त्यांचाही होता. आवाज सुरू झाला तसे अण्णांनी कानांवर हात ठेवले आणि शेवटपर्यंत काढले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. मला शब्द ओळखू येत होते, हा माझा फायदा. मग लाल दिवा लागला, सिंहासनावरच्या काळ्या सांगाड्याने सावकाश हात वर केला, जबडा उघडला आणि मैदानातली मुलं अशी ओरडली की कानठळ्या बसाव्यात. अक्कांनी सवयीने हात जोडले. मी खुर्चीमागच्या अंधारात पाहत होते. बाबा दिसत नव्हता, पण तार ताणली जाताना त्याचं कोपर तेवढं लाल उजेडात बाहेर येत होतं. बक्षीस कुणाला मिळालं ते मला आता आठवत नाही. त्यांना नव्हतं, एवढं नक्की.

पुढे मुलं पांगली, बँड संपला, पण चौघांची दोस्ती आजही आहे. तुमच्या बाबाच्या फोनवर पहाटेपहाटे ज्यांचे खिदळणारे फोन येतात ना, ते तेच. अक्कांच्या लेकीला मुलगी झाली, धडधाकट. ती आता सायकलवरून येते आणि आजीच्या सांगण्यावरून होळीला सांगाड्याला एक झेंडूचं फूल वाहते, मग माझ्याकडे खोबऱ्याची वडी मागते. कॉलनीने नंतर लाकडी, मिशावाला, गुबगुबीत कामण्णा आणला. तो दिसायला चांगला आहे.

आमचा परसात बसला आणि तोंडलीने त्याला धरलं. पावसाळ्याआधी मी त्याला काळा रंग देते आणि सांध्यांत तेल सोडते. ती क्लच वायर अजून शाबूत आहे. तोंडली पानांआड लपली की मी खुर्चीमागे जाऊन तार ओढते, हात वर जातो, आणि वेल उचलला गेला की खालची तोंडली दिसतात. तुम्ही याल तेव्हा एकाने तार ओढायची आणि दुसऱ्याने तोडायची. बाबाला विचारा, किती जोर लावायचा ते. ते त्याला नीट येतं.