दहिवरातला घास

मोठा दुष्काळ सरून पाऊस झाला त्या साली मामंजींनी विहिरीलगतच्या तुकड्यात लसूणघास पेरला. मंद्रूपच्या आमच्या शिवारात एवढं हिरवं मी पाहिलंच नव्हतं. लग्न होऊन आले तीच मुळी कोरड्या वर्षात. सोबत माहेरची गाय होती. माहेर दुधनीकडचं, त्यामुळे गाईला कन्नडच कळायचं आणि तिच्याशी बोलायला मीच. दुष्काळात चारा छावणीत उसाचं वाढं चघळून ती कशीबशी जगली होती. आता सात महिन्यांची गाभण होती.

थंडीत घास गुडघ्याला लागला. त्या दिवशी सासूबाई बाजाराला गेल्या होत्या, मामंजी खालच्या अंगाला ज्वारीत होते. मी सकाळीच विळा घेतला. दहिवरानं पदर ओला झाला. एक पाटी कापून गाईपुढे टाकली. तिनं मान वर न करता संपवली. ते बघून इतकं बरं वाटलं की मी दुसरी पाटी आणली. कडब्याची पेंढी तशीच राहिली.

गोवऱ्या थापून परत आले तर गाय मागच्या पायानं पोटावर लाथा मारत होती. तोंडातून लाळ गळत होती. वाटलं, वेळेआधीच विते की काय. मग डावी बाजू दिसली. पाठीच्या कण्याच्याही वर आलेली. हात लावला तर हलगीसारखी ताणलेली. बघता बघता गाय खाली बसली, मान लांब केली, जीभ बाहेर आली. "एळव्वा, एळ," ऊठ बाई ऊठ, म्हणत मी तिची शिंगं ओढत होते.

माझ्या ओरडण्यानं मामंजी धावत आले. मागोमाग शेजारच्या मळ्यातले चाचा. ते जनावरांचा व्यापार करायचे.

"काय घातलंस?" चाचांनी विचारलं.

"घास. दोन पाट्या."

"वला?"

"व्हय."

चाचांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजी गाईचं डोकं धरायला वाकले. चाचांनी कमरेचा सुरा काढला, शेवटच्या बरगडीपासून वीतभर मोजलं आणि हात उचलला. मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. मला वाटलं, ते तिचे हाल संपवतायत.

"सोड, लेकी. मारत न्हाय मी हिला. वारं काढतो."

मामंजींनी मला मागं ओढलं. सुरा मुठीपर्यंत आत गेला. सायकलची ट्यूब फुटावी तसा आवाज झाला, आंबूस वास सुटला आणि हिरवा फेस माझ्या तोंडावर उडाला. चाचांनी पपईचा पोकळ देठ मागितला. तो मी कसा तोडून आणला, आठवत नाही. त्यांनी तो भोकात घालून धरून ठेवला. पोट हळूहळू उतरलं. गाईनं श्वास घेतला, तो मला ऐकू आला.

मी तिथंच मातीत बसले. तोंडावरचा फेस पुसायचंही सुचेना.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी टाके घातले. म्हणाले, "नुसता ओला, कोवळा घास कधी द्यायचा नाही. आधी कडबा, मग घास, तोही गवत मिसळून, सुकवून."

ते गेल्यावर मामंजी खाली बघत म्हणाले, "मला ठावं हुतं. माझ्या बापाचा बैल असाच गेला. तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

त्यांना ठाऊक होतं.

दहा-बारा दिवसांनी गाईनं मेलेलं वासरू टाकलं. त्याच्या अंगावर धड केसही आले नव्हते. ती त्याला चाटत राहिली. तिच्याशी बोलायला मला एक शब्द सापडला नाही.

त्याच आठवड्यात मामंजींनी बांधावरच्या पवना गवताचे ठोंब खणून आणले आणि घासाच्या दर दोन ओळींमध्ये एक ओळ गवताची लावली. एकट्यानं. मदतीला मला हाक मारली नाही, मीही गेले नाही. पुढं दोन महिने त्या तुकड्यात मी पाऊल टाकलं नाही.

चैत्रात सासूबाई तापानं पडल्या, तेव्हा जावंच लागलं. ऊन चढल्यावर गवत आणि घास एकत्र कापला, दुपारपर्यंत पसरून ठेवला. गाईला आधी कडबा टाकला, मग ओंजळभर घास. ती खात होती आणि मी तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवून उभी होते. तिनं रवंथ सुरू केलं तेव्हा कुठं मी हात काढला.