कॉलरचा साचा

चामराजपेटेत आमचं शिंप्याचं दुकान होतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला आणि बजावलं, "ही फिल्म जपून ठेवा. वर्षाने दुसरी काढू. हृदय वाढतंय का, ते दोन्ही शेजारी धरल्याशिवाय कळायचं नाही."

फिल्म दुकानाच्या फळीवर राहिली. मी तेव्हा तिशीचा, दोन मुलांचा बाप, आणि स्वतःच्या कसबावर भलताच खूश. पुठ्ठ्याचे साचे कडेने झिजतात म्हणून मला काहीतरी चिवट हवं होतं. एका दुपारी अण्णा जेवायला गेले असताना मी त्या फिल्ममधून कॉलरचा साचा कापला. कड इतकी सफाईदार आली की मूर्खासारखा शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवली.

वर्षाने नवी फिल्म उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, "हृदय मोठं दिसतंय. पण आधीपासून एवढंच होतं, की आता वाढलं? जुनी फिल्म कुठाय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "उंदरांनी कुरतडली," ते म्हणाले.

डॉक्टर उखडले. "एवढंही सांभाळता येत नाही?" गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा कधी न हरवलेला माणूस मान खाली घालून म्हणाला, "चूक झाली." मी शेजारी उभा राहून ते ऐकून घेतलं.

दुकानात आल्यावर अण्णांनी तोच साचा कापडावर ठेवला आणि खडू उचलला. "हलू देऊ नकोस, नीट धर."

मी धरला. माझ्या बोटांखाली त्यांचं अर्धं हृदय होतं.