सॅड म्हणजे पोट भरलेलं

मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायला बसलं की किस्से आपोआप साठतात. व्याकरण कुणाच्या लक्षात राहत नाही, किस्से राहतात. पलासियातल्या माझ्या क्लासचे बरेचसे किस्से तर एकाच शब्दाचे.

एकदा मी सहज सांगून बसले, "'सॅड' हा फार जुना शब्द. मुळात त्याचा अर्थ पोट भरलेला, तृप्त. मग झाला जड, मग गंभीर, आणि आता दुःखी."

वर्गातल्या शिंदेकाकू म्हणाल्या, "मग आपल्याकडे काय अलग आहे? पहले पोट जड होतं, नंतर मन."

त्या दिवशी शिकवलेले टेन्स सगळे विसरले.

*

दुसऱ्या दिवशी रितेश ढेकर देतच आला. "मॅडम, पोहे-जलेबी खाऊन आलोय. व्हेरी सॅड!"

हा विजय नगरच्या एका ऑफिसात कामाला. तिथं साहेबांनी विचारलं, "आर यू हॅपी हिअर?" हा खुशीत म्हणाला, "फुल सॅड, सर!"

"मग?"

"दोन दिवसांची सुट्टी दिली, मॅडम. म्हणाले, टेन्शन मत ले भिया."

*

शिंदेकाकूंकडे सुनेचे वडील जेवायला आले. काकूंनी आग्रहानं विचारलं, "व्याहीबुवा, आर यू सॅड?"

ते गडबडले. "छे छे, मुलगी तुमच्याकडे मजेत आहे. सॅड कशाला होऊ?"

"नाही ना? मग अजून एक पुरणपोळी घ्या."

*

महूचे वाघमारेकाका आणि सुमनताई, दोघं जोडीनं क्लासला यायचे, एकाच पुस्तकात बघायचे. सुमनताई अचानक गेल्या. काही आठवड्यांनी काका एकटे आले, पार वाळलेले. मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, बाबा जेवतच नाहीत हो. काय करू, समजत नाही."

शिंदेकाकू रोज डबा आणू लागल्या. काका दोन घास खायचे आणि झाकण लावायचे. त्या दिवसांत तो शब्द कुणीच काढला नाही, रितेशनंसुद्धा.

मग एका संध्याकाळी काकूंनी तुपात बुडवलेले दाल-बाफले आणले. काका खायला लागले ते थांबेनात. आम्ही बघतोय असं कुणीच दाखवलं नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी फळ्याकडे वळून काहीबाही लिहीत राहिले.

काकांनी डबा पुसून खाल्ला, हात धुतले आणि सुमनताईंच्या रिकाम्या खुर्चीशेजारी येऊन बसले.

"अजून थोडं देऊ, भाऊ?" शिंदेकाकूंनी हळूच विचारलं.

"नको ताई," काका म्हणाले. "आय ॲम सॅड."