लुबोरचा अंगठा

लुबोर सेदलाचेकने चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या. निम्म्या गावाचं हसू त्याच्या हातचं आहे. माझंही, वरच्या बाजूचं. पण हे सांगितलेलं त्याला आवडत नाही. त्याचा जीव विमानांत. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी, हाताच्या पंजावर मावणारी लढाऊ विमानं तो जोडतो आणि त्यांच्यावर हिरवे-तपकिरी पट्टे रंगवतो.

असले चौदा बाप्ये आमच्या गावात आहेत आणि माझं नशीब असं, की माझ्या पबची मागची खोली हाच त्यांचा क्लब. दर गुरुवारी बियर मागवायची आणि तीन तास एका हिरव्या रंगावरून भांडायचं. माझ्या गुलाशच्या रश्श्याला थिनरचा वास येतो म्हणून गिऱ्हाइकं तक्रार करतात, ती वेगळीच.

क्लबची स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात होते. परीक्षक कायम एकच, इंजिनिअर दोस्ताल. टॉर्च, भिंग आणि पोलादी पट्टी घेऊन हा माणूस विमानावर असा वाकतो, की डॉक्टरसुद्धा पेशंटवर वाकत नाही. त्याने लुबोरला एकतीस वर्षं दुसरा क्रमांक दिला. कधी चाक जास्त स्वच्छ, कधी चाक जास्त मळलेलं.

आता मुद्द्याचं. तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत लुबोर आमच्या गावाबाहेरच्या विमानतळावर रंगारी होता. तिथलं एक मिग त्याने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं. पुढे विमानतळ बंद पडला, मिग पावसात सडलं, रंगाची सालं निघाली. काही वर्षांपूर्वी तिथे संग्रहालय काढायचं ठरलं तेव्हा जुना रंग कसा होता, हे कोणालाच आठवेना. कागद नाहीत, धड फोटो नाही. लुबोरने मात्र त्याच मिगचं छोटं मॉडेल केव्हाच करून ठेवलं होतं. संग्रहालयाची माणसं ते घेऊन गेली. चौकटी आखून, बहात्तर पट मोठं करून, त्यांनी खऱ्या मिगवर तसेच पट्टे रंगवले.

उद्घाटनाला बँड होता, नगराध्यक्ष होते. पडदा बाजूला झाला आणि लुबोरने माझा दंड धरला.

"अगं व्लास्ता, तो डाव्या पंखावरचा डाग बघ."

हिरव्या पट्ट्यावर टेबलाएवढा तपकिरी गोल डाग होता. त्यात बारीक बारीक वळणदार रेघा.

"छान आहे की," मी म्हटलं.

"छान काय! माझा अंगठा आहे तो! मॉडेल हातातून निसटत होतं, मी धरलं, अंगठ्याला ओला रंग होता. कोणाला दिसेल असं वाटलं नव्हतं."

"मग सांग जाऊन."

"नगराध्यक्ष भाषण करतायत."

तेव्हा राहिलं ते राहिलंच. पुढच्या महिन्यात दोस्तालने एका मासिकात लेख लिहिला. त्या रेघा म्हणे नांगरलेल्या शेताच्या. वरून बघणाऱ्या शत्रूला फसवायची ही आपल्या वायुदलाची खास युक्ती. लेखाबरोबर मोठा रंगीत फोटो. झालं! जर्मनीतले, पोलंडमधले लोक आपापल्या मिगच्या मॉडेलवर तो डाग रंगवायला लागले. आमच्या क्लबात तर तीन बाप्ये आठवडाभर नुसत्या रेघा मोजत होते.

यंदा लुबोरचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वाढणार. तो मला म्हणाला, "हे शेवटचं विमान. एकदा पहिला आलो की ब्रश ठेवून देतो." सबंध हिवाळा तो त्याच मिगचं नवं मॉडेल करत बसला, डावा हात उजव्याला टेकवून. एवढं देखणं काम मी त्याच्या हातचं पाहिलं नव्हतं. डाग मात्र रंगवला नाही. खरं विमान पूर्वी जसं होतं तसंच केलं.

स्पर्धेच्या दुपारी दोस्ताल वीस मिनिटं वाकून होता. मग उठला आणि चष्मा पुसला. "निर्दोष काम आहे, सेदलाचेक. पण डाग कुठाय?"

"डाग नव्हताच, इंजिनिअरसाहेब. ते विमान मी रंगवलंय. तो डाग म्हणजे माझा अंगठा आहे."

खोलीत हशा पिकला.

"तुम्ही तेव्हा वीस वर्षांचे होता. विसरला असाल," दोस्ताल म्हणाला. "प्रत्यक्ष विमानावर डाग आहे."

"तो माझ्या मॉडेलवरून उतरवलाय!"

"तेच म्हणतोय मी. तुमचंच मॉडेल तुमच्याविरुद्ध साक्ष देतंय."

पण दोस्ताल दुष्ट नाही हो. त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, मलाही तुम्हालाच द्यायचंय. निकालाला दहा मिनिटं आहेत. डाग रंगवा, पहिला नंबर तुमचा."

"रंगव रे बाबा, रंगव!" बाकीचे ओरडायला लागले. "एका डागाने काय बिघडतंय?"

लुबोरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, देव जाणे. माझं मलाच कळलं नाही. त्याने कोणाच्या तरी डबीतला तपकिरी रंग घेतला, अंगठा बुडवला आणि थरथरत्या हाताने पंखावर टेकवला. टाळ्या पडल्या.

दोस्तालने टॉर्च लावला, भिंग लावलं. मग पट्टी काढली. पंखाच्या कडेपासून दोनदा मापलं.

"दोन मिलिमीटर पुढे गेलाय," तो शेवटी म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "आणि रेघा जुळत नाहीत. मूळच्या जास्त ठसठशीत आहेत. माझा नाइलाज आहे, सेदलाचेक. दुसरा."

बियरचं आख्खं पिंप त्याच्या टकलावर ओतावं असं मला वाटलं. पण पट्टी खरोखरच दोन मिलिमीटर दाखवत होती.

सगळे पुढच्या खोलीत प्यायला गेले. लुबोर तिथेच बसला होता, अंगठा वर धरून, कशाला लागू नये म्हणून.

"व्लास्ता," तो म्हणाला, "एकतीस वर्षं खरं केलं आणि दुसरा आलो. आज खोटं केलं, तरी दुसराच."

मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा, माझा, सगळ्यांचाच. मी फडकं आणि थिनरची बाटली आणून त्याच्यापुढे ठेवली.

"पूस," मी म्हटलं.

रंग अजून ओलाच होता. त्याने आधी पंख पुसला, मग अंगठा. हात थरथरत होता, त्यामुळे वेळ लागला.