बुधवारचा उपमा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरशासमोर केस विंचरत होते. सकाळचे दहा वाजून गेले होते. बुधवार होता, आणि अकरापर्यंत मला गिरगावातून बस पकडून दादरला पोहोचायचं होतं, कारण तिथे ती माझी वाट बघत बसलेली असणार होती. "आत्या, आई गेली गं," माझा भाचा महेश म्हणाला. पहाटे उठली, सगळ्यांचा चहा केला, जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही. मी त्याला काय म्हटलं असेल? "असं कसं, आज बुधवार आहे." त्या बिचाऱ्याला वाटलं आत्याचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर होतं. बुधवार म्हणजे काय, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, एवढंच. आज दीड महिना झाला. आता ते सांगायला हरकत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

शालिनीवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. मी पंधरा वर्षांची असताना ती मालवणाकडून आमच्या लालबागच्या चाळीत आली. दोन खोल्या आणि माणसं सात. माझं लग्न होऊन मी गिरगावात गेले, दादाची गिरणी बंद पडली, तो गोदामावर लागला, चाळ पाडून टॉवर झाला आणि ती चौदाव्या मजल्यावर राहायला गेली, पण गॅससमोरची तिची जागा काही हलली नाही. दादा वाईट माणूस नाही हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारे उगाच त्याला बोल लावतील. त्याने तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. फक्त जेवायला बसला की पहिल्या घासाला निकाल द्यायचा. आज मीठ जरा पुढे गेलंय. सोलं कमी पडली. काल बरं होतं. वहिनी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी तसा बदल करायची. आमच्या आईचं म्हणणं असं, की अन्नाला नावं ठेवू नयेत. मात्र हा नियम घरातल्या बायकांपुरताच होता, हे मला फार उशिरा कळलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात वहिनीने हौसेने उपमा केला होता. दादाने बशी पुढे सरकवली. "हे आजाऱ्याचं खाणं आहे. मला नको." भांडण नाही, काही नाही. त्या दिवसानंतर त्या घरात उपमा शिजला नाही… जवळजवळ पन्नास वर्षं.

सहा वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नंतर तपासायला दादरला न्यायचं होतं, आणि दादाचे गुडघे धरलेले, म्हणून मी गेले. डॉक्टरने बरंच ताटकळत ठेवलं. बाहेर पडलो तर दोघींच्या पोटात कावळे ओरडत होते. फूलबाजाराकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत जुनं उडुपी हॉटेल आहे, त्यात शिरलो. मी सवयीने वरच्या मजल्यावर, एसीत निघाले होते. बायकांनी वर बसायचं, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं. वहिनी म्हणाली, "वर कशाला? वर बसून कळणार काय?" आणि खालीच, भटारखान्याच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसली. भिंतीवरचा फलक तिने नव्या डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, अगदी परीक्षेचा पेपर वाचावा तसा, आणि उपमा मागवला. दोन घास खाल्ले, चमचा खाली ठेवला, आणि भरल्या हॉटेलात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाणी गार घातलंय. म्हणून गुठळ्या झाल्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला म्हटलं, अगं हळू, लोक बघताहेत. तिने काही माझ्याकडे लक्ष दिलं नाही. पुढचा घास घेतला, तोही नीट चावून खाल्ला, आणि मग जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"घरात मी केलेलं मीच खाते गो. त्यावर मी काय बोलणार? मत द्यायला दुसऱ्याने रांधलेलं लागतं. आज मिळालंय, तर बोलू दे मला."

तिथून बुधवार सुरू झाले. बुधवार त्यांच्याकडे माशाचा दिवस. पण वहिनी साडेदहाच्या आत मासे साफ करून, कालवण करून, भात कुकरला लावून मोकळी व्हायची. "विजूकडे जाते," असं सांगून निघायची. ते काही खोटं नव्हतं, मी जिथे असेन तिथेच ती येत होती. एकदा मी तिला म्हटलं, दादाला सांगून टाक ना, तो काय तुला खाणार आहे? त्यावर म्हणाली, "लपवायचं म्हणून नाही गो. सांगितलं तर हे म्हणतील मीपण येतो. आणि हे आले की मग यांचंच मत चालणार." नाही सांगणार, असा मी तिला शब्द दिला. सहा वर्षं गप्पच बसले.

हॉटेलचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, पहिल्या दिवशी चिडलेच होते. दुसऱ्या बुधवारी मात्र स्वतः बशी घेऊन आले आणि म्हणाले, "आज बघा, मावशी." तिने खाल्लं. गुठळ्या नव्हत्या, पण फोडणीतली उडदाची डाळ पांढरीच राहिली होती, ती तांबूस व्हायला हवी, एवढं तिने सांगितलं. तिसऱ्या बुधवारी डाळ तांबूस होती. चौथ्या बुधवारी आतला भटारी खिडकीतून मान बाहेर काढून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. ती "जमला" म्हणाली की मगच तो आत जायचा. एरवी तिला घरात कुणी विचारलं नव्हतं, शालिनी, तुला कसं लागलं? इथे एक परका माणूस झारा हातात घेऊन तिच्या एका शब्दासाठी ताटकळायचा… त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी तिच्या मुलांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग काय, बाईला चटकच लागली. उपमा दादरचा, पण बाकीच्या गोष्टींसाठी आम्ही मुंबई पालथी घातली. म्हणजे गिरगाव ते माटुंगा, त्यापलीकडे तिचे पाय चालायचे नाहीत. गिरगावात माझ्या घराजवळ एका ठिकाणी साबुदाणा वडा मिळतो, लोक त्याची आरती ओवाळतात. वहिनीचं मत: वडा चांगला, चटणी साखर घालून फसवते. दादरला एका दुकानाबाहेर मिसळीसाठी मोठी रांग असते, तिथे आम्ही पाऊण तास उभ्या राहिलो, खाल्लं, बाहेर आलो. मी विचारलं, कशी होती? म्हणाली, "रांग छान होती." नातवाने हौसेने परळच्या मॉलमध्ये नेलं, तर ताटल्या कागदाच्या आणि भाव सोन्याचे म्हणून घरी येऊन हसत बसली. खाऊन झालं की आमची दुसरी करमणूक. साड्यांच्या दुकानाच्या काचेसमोर उभं राहून, एकही साडी न घेता, सगळ्यांचे काठ नापास करायचे. उन्हाळ्यात परळच्या गणपतीच्या कारखान्यात डोकावून, अजून रंग न लागलेल्या मूर्तींमध्ये कुणाची सोंड नीट बसली आणि कुणाचं पोट उगाच सुटलंय ते ठरवायचं. एक गजरा घ्यायचा आणि अर्धा अर्धा माळायचा. साठी ओलांडलेल्या दोन बायका, रस्त्यात उभ्या राहून फिदीफिदी हसायच्या. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ह्यांना काही कामधाम नाही. नव्हतंच.

माझं आणि तिचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. मी बँकेत तीस वर्षं काउंटरवर काढली, लोकांना गोड बोलायची सवय. मला काहीही खायला घाला, मी "छान आहे" म्हणणार. वहिनीला त्याचा भयंकर राग. एकदा अण्णांनी मला विचारलं आणि मी "छान" म्हटलं, तर ती माझ्यावरच उखडली. "छान म्हणजे काय? छान म्हणजे विषय संपवणं. त्या माणसाने रवा भाजलाय, त्याला खरं कळायला नको? विजू, तू शिकलेली, पगार आणलेली बाई. तुला तोंड आहे ते कशासाठी?" मी हसण्यावारी नेलं. पुढच्या बुधवारीही छानच म्हटलं.

ती गेली त्याच्या आधीच्या बुधवारचंही लिहिणार आहे. त्या दिवशी ती उशिरा आली. जिना चढल्यासारखी दमली होती, खरं तर त्या हॉटेलच्या दाराला पायरी एकच आहे. उपमा आला. तिने चार घास खाल्ले, चमचा बशीत ठेवला आणि खिडकीकडे बघितलंच नाही. भटारी ताटकळत उभा. मीच विचारलं, "काय गं वहिनी, कसा झालाय?"

"छान आहे," ती म्हणाली.

आणि मी मूर्ख बाई खूश झाले! म्हटलं, शेवटी सहा वर्षांनी आलीस माझ्या वाटेवर. ती हसली. अर्धी बशी तशीच ठेवून उठली. भटाऱ्याला संशय आला होता, तो बाहेर येऊन अर्ध्या बशीकडे बघत राहिला. त्या परक्या माणसाला जे कळलं ते मला कळलं नाही. तिला टॅक्सीत घालून सरळ डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. त्याऐवजी आम्ही अर्धा अर्धा गजरा घेतला आणि मी माझी बस पकडली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी सगळे लालबागला जमले होते. पानावर वहिनीच्या आवडीचं काय वाढायचं, अशी चर्चा निघाली. महेश म्हणाला, आईला बासुंदी आवडायची. बासुंदी त्याला आवडते. धाकटा म्हणाला, काळ्या वाटाण्याचं सांबारं. ते त्याच्या आवडीचं. दादा शांतपणे म्हणाला, "शिरा करा. साजूक तुपातला. तिच्या फार आवडीचा. मी म्हणेन तेव्हा करायची." सुना माना डोलवत होत्या. तिला शब्द दिला होता, दादाला सांगणार नाही म्हणून. पण तो शब्द ती जिवंत असतानाचा. आता गप्प बसले तर ती बाई जन्मभर दुसऱ्यांच्या आवडीचं रांधून, शेवटच्या पानावरही दुसऱ्याच्याच आवडीचं घेऊन जाणार होती. मी म्हटलं, "उपमा. तिला उपमा आवडायचा."

"उपमा? या घरात?" दादा म्हणाला. मग मी सगळं सांगितलं. बुधवार, खिडकीजवळचं टेबल, अण्णा, भटारी, गुठळ्या, तांबूस डाळ… सगळं. दादाने विचारलं, "मग शिरा तिला आवडायचा नाही?" त्याचा चेहरा बघून माझी जीभ "तसं नाही रे" म्हणायला वळली होती. मी ती आवरली. "नाही दादा. शिरा तुझा होता." तो उठून गॅलरीत गेला. तेराव्याच्या पानावर उपमा वाढला, मी स्वतः केलेला. गुठळ्या झाल्या होत्या.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. "मला तिथे ने." मला ती म्हणाली होती ते आठवलं, हे आले की यांचंच मत चालणार. एक दिवस विचार केला आणि मग त्याला सांगितलं, नेते, पण अट आहे. तू मत द्यायचं नाहीस. मीठ नाही, तिखट नाही, काही नाही. तो बरं म्हणाला.

काठी टेकत आला. मी त्याला माझ्या जागेवर बसवलं आणि मी वहिनीच्या खुर्चीत बसले. अण्णा धावत आले, मावशी कुठे, इतके दिवस दिसला नाहीत. मी सांगितलं. ते आत गेले. उपमा त्यांनी स्वतः आणला. भटारी खिडकीत आला होता, डोळे पुसत होता. दादाने एक घास घेतला, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मीही खाल्ला. रवा कच्चा होता. भटाऱ्याचं लक्ष कुठून असणार? आतमध्ये त्याला नुकतंच कळलं होतं. अण्णांनी रडवेल्या आवाजात विचारलं, "कसा झालाय, ताई?"

त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून कुणीही "छान" म्हटलं असतं. माझ्या तर ओठांवर होतंच. मी पाणी प्यायले.

"रवा कच्चा राहिलाय," मी म्हटलं. "अजून दोन मिनिटं भाजायला हवा होता."

भटाऱ्याने मान हलवली आणि आत गेला. दादा माझ्याकडे बघत होता. "ती असंच बोलायची?" त्याने विचारलं.

"याहून मोठ्याने," मी म्हटलं. मग खुर्ची मागे सरकवली, खिडकीकडे तोंड केलं, आणि भरल्या हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा सांगितलं.