कानात घातलेले डोळे

डोळे गेल्यावरही चार वर्षं मी तलावात जाळं ओढलं आणि एकदाही चुकलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक माझी कीव करतात आणि मला ती खपत नाही.

चामोर्शीकडच्या आमच्या गावात ढिवरांची, म्हणजे आम्हा मासेमारांची, दहा-बारा माणसं कमरेइतक्या पाण्यात रांगेत उभी राहतात. कडेचा म्हातारा हाळी देतो, की सगळे एकदम दोर ओढतात. डोळ्यांचं तिथं कामच नाही. रांगेतली जागा बापाकडून मुलाकडे येते. माझीही तशीच आली होती.

मग चंद्रपुरात आंधळ्यांसाठी प्रशिक्षण निघालं. चष्म्यावर कॅमेरा, गळ्यात डबा, दोन्ही कानांत बोंडं. समोर काही आलं की कानात चिरचिर सुरू. तीन आठवडे मी एका हॉलमध्ये खुर्च्यांना वळसे घातले. शिकवणारा साहेब शहरातला, गोडबोल्या. "काका, ही कृत्रिम दृष्टी आहे."

"साहेब, पाण्यात चालते का हे?"

"सरावानं सगळं जमतं."

या माणसानं जन्मात कधी गुडघाभर पाण्यात पाय घातला नसावा. आणि मी? मिरवायला म्हणून चष्मा घालूनच तलावात उतरलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

उन्हानं पाणी चमकलं आणि यंत्र कानात किंचाळू लागलं. त्यात हाळी ऐकूच आली नाही. मी एकट्यानंच भलत्या वेळी ओढलं, जाळ्याची खालची कड चिखलातून उचलली गेली आणि सकाळपासून कोंडलेली मासोळी खालून निघून गेली.

"बाहेर ये," म्हातारा म्हणाला. "तुले दिसत नाई, हे आमी इसरलोच होतो. तूच याद करून देली."

"हे काढून फेकतो न भाऊ. पहिल्यासारखा ओढतो."

माझी जागा म्हाताऱ्याच्या जावयाला गेली. म्हातारा हलकटच, पण मासोळी माझ्या हातानं गेली होती, याचा राग मला जास्त येतो.

महिन्याभरानं साहेब फोटो काढायला आला. चष्मा लावून, जाळ्याचा दोर धरून तलावात उभं राहायचं होतं. चष्मा त्याच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. पण दोर हातात मिळणार होता, म्हणून घातला.

फोटो निघाला. साहेब "छान" म्हणाला. मी दोर सोडला नाही. शेवटी जावयानं माझी बोटं एकेक करून सोडवली.