कानबाईचा रोट आणि माझं खोटं

माझ्या सात महिन्यांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र होतं. धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या दोन दिवस आधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई संमतीचा कागद घेऊन आल्या. ऑपरेशन चालू असताना हृदय दिसावं म्हणून सोनोग्राफीची नळी तोंडातून अन्ननलिकेत घालतात. पण एवढ्या लहान जिवात ती श्वासनलिकेवर दाब आणू शकते, आतून इजाही करू शकते, असं त्यांनी समजावलं. “गिळताना ठसका वगैरे लागतो का?” मी म्हणालो, “नाही.” घराण्यातला पहिला पदवीधर मी. कागद दोनदा वाचला, सही केली, आणि खोटं बोललो.

त्याआधी श्रावणात आईनं आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटाचा, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीचा, कण दुधात भिजवून मुलीच्या जिभेवर ठेवला होता आणि ठसका लागून पोर काळीनिळी पडली होती. हा रोट आम्ही भाऊबंदांबाहेर देत नाही. देवीच्या प्रसादानं लेकराचा श्वास अडला, हे बाहेर बोलायचं नाही असं घरात ठरलं. पुढे नुसत्या दुधानंही ठसका लागू लागला, तरी आम्ही गप्पच. देवी रुसली, या भीतीनं मी आतून खचलो होतो.

शेजारच्या खाटेवर शिरपूरकडच्या एका अक्कांचा नातू होता. मुलीला दूध पाजताना त्यांनी पाहिलं होतं, माझं उत्तरही ऐकलं होतं. “शिकेल माणूस ना तू? मंग खोटं कसाले बोलना?” मी रोटाचं सांगितलं. त्या थोडा वेळ नातवाचे पाय चोळत राहिल्या. “देवी रुसाव नही, भाऊ. ती माय शे. जाय, बठ्ठं सांगी दे.”

मी गेलो, सगळं सांगितलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पुन्हा तपासणी केली. एक रक्तवाहिनी भलत्याच वाटेनं जाऊन अन्ननलिका आणि श्वासनलिका दोन्ही आवळत होती. नळी घातली असती तर श्वास तिथेच अडला असता. त्यांनी ती घातलीच नाही; छाती उघडल्यावर यंत्र हृदयावरच टेकवून पाहिलं. छिद्र बुजवलं, ती वाहिनीही सोडवली.

हे सांगायला अक्कांकडे धावलो, तर खाटेवरची चादर बदललेली. नातू सकाळीच दगावला होता, अक्का निघून गेल्या होत्या. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. आपल्या दुःखात बसलेल्या त्या बाईच्या तोंडून देवीच बोलली, असं मी मानतो. देवीची अब्रू मी राखायची नव्हती. जे घडलं ते खरंखरं तिच्या पायाशी ठेवायचं होतं.

यंदा रोटाचे वाटे करताना मी एक वेगळा काढला. “हा कोणाचा?” आईनं विचारलं. “अक्कांचा.” भाऊबंदांबाहेरचा वाटा! पण आईनंच त्यावर तूप सोडलं. मुलगी अजून अशक्तच आहे. अक्कांचा ठावठिकाणा नव्हता, म्हणून तो वाटा त्यांच्या नावानं दुधात कुस्करून तिलाच भरवला. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. तिनं गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं.